कोरडा बोल्ट

जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात माझी नेमणूक झाली १९८७ साली. तोवर मी आठ महिने बंदोबस्त केला होता. शस्त्रागार म्हणजे खुर्चीवर बसून किल्ल्या सांभाळायच्या, असा माझा समज. पहिल्याच दिवशी हातात रॉकेलची परात, जुना दात घासायचा ब्रश आणि फ्लॅनेलच्या चिंध्यांचं गाठोडं आलं, आणि तो समज तिथेच संपला. पुढची सत्तावीस वर्षं माझ्या हातांना रॉकेलचा वास होता. बायको म्हणायची, जेवताना तरी चमच्याने जेवा.

शस्त्रागाराचे जे प्रमुख आरमोरर होते त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. वयाने पन्नाशीचे, बोलणं कमी, विडी जास्त. पण विडी कायम व्हरांड्याच्या पायरीखाली उतरून. रॉकेलच्या खोलीत कधी काडी ओढली नाही. त्यांनी मला पहिले पंधरा दिवस रायफल दिलीच नाही. फक्त बोल्ट दिले.

आमच्याकडे बोल्ट आणि रायफली वेगवेगळ्या ठेवायचे. रायफली लाकडी रॅकमध्ये साखळी ओवून, आणि बोल्ट पलीकडच्या खोलीत कप्प्यांच्या कपाटात, कुलूप निराळं. चोर आला तरी त्याच्या हाती लागणार नुसती नळी आणि लाकूड. बोल्टशिवायची थ्री नॉट थ्री रायफल म्हणजे साडेतीन-चार किलोची काठीच. गार्डला रायफल देताना दोन खिडक्यांवरून दोन वस्तू द्यायच्या, आणि दोन्हींवरचा नंबर जुळवून रजिस्टरला घ्यायचा. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी ठोकलेला नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच हवा. जुळला नाही तर देणं नाही, मग बाहेर गाडी सुरू करून कुणीही उभं असो.

रायफली सगळ्या इशापूरच्या. बटच्या सॉकेटवर कोरलेलं असायचं: मुकुट, त्याखाली जी. आर. आय., मग इशापूर आणि साल. काहींवर १९४२, काहींवर १९४३. थोड्या स्वातंत्र्यानंतरच्या, त्यांच्यावर मुकुटाच्या जागी सिंह आणि आर. एफ. आय. काडतुसं मात्र आपल्या खडकीची, बुडावर के. एफ. अशी खूण; म्हणजे बंगालातली बंदूक आणि पुण्याची गोळी. ह्या रायफलीचा आराखडा १९०७चा. माझ्या आजोबांचा जन्मही त्याच सुमाराचा. आजोबा केव्हाच गेले होते, आणि ही अजून बँकेच्या दारात पहारा देत होती.

बोल्ट काढणं सोपं. सेफ्टी पुढे, बोल्ट पूर्ण मागे ओढायचा, आणि मग पुढचं डोकं, म्हणजे बोल्टहेड, बोटाने वर उचलायचं. खट् आवाज येतो, डोकं आपल्या स्प्रिंगमधून सुटतं, बोल्ट सरळ मागे हातात येतो. नवे पोरगे इथे ओढाओढ करायचे. उस्ताद म्हणायचे, "गाईला दावणीतून सोडतोस का मुसळ ओढतोस?"

हातात आलेला बोल्ट म्हणजे वीतभर पोलादी नळी. पुढे आट्यांवर बसवलेलं डोकं, ते नुसत्या हाताने फिरवून निघतं. त्या डोक्यात चिमटीएवढा एक्स्ट्रॅक्टर, उडालेल्या काडतुसाची कडा धरून पुंगळी बाहेर ओढणारा. नळीच्या आत स्ट्रायकर आणि त्याच्याभोवती मेनस्प्रिंग. मागे कॉकिंग पीस. स्ट्रायकर काढायला मागचा छोटा स्क्रू सोडवावा लागतो आणि मग पुढून टी आकाराची खास किल्ली नळीत घालावी लागते. ती किल्ली आमच्याकडे एकच होती आणि ती उस्तादांच्या टेबलच्या खणात. शिपायाने स्ट्रायकर काढायचा नाही, हा नियम. का, ते मला खूप उशिरा कळलं: शिपाई काढतो, पण परत बसवताना तो किती पुढे डोकावायला हवा हे मोजत नाही.

साफ करताना सगळ्यात जास्त घाण साठते ती एक्स्ट्रॅक्टरच्या पोटात आणि डोक्याच्या तोंडावर, जिथे काडतुसाचं बूड टेकतं. तिथे पिवळट काळी खिपली धरते. ती चाकूने खरवडायची नाही. बांबूची कामटी तासून टोकदार करायची, रॉकेलमध्ये बुडवायची आणि हळूहळू उकरायची. स्ट्रायकरचं टोक ज्या बारीक भोकातून बाहेर येतं, त्या भोकाच्या कडेला गंजाचा एखादा ठिपका असला तर तो बोटाच्या पेराने जाणवतो, डोळ्याला दिसत नाही. उस्ताद नेहमी डोळे मिटून बोल्ट हातात फिरवायचे. मला वाटायचं, नाटक आहे. पुढे मीही तेच करू लागलो.

गोळीबाराचा सराव झाला की त्या संध्याकाळी पोलीस लाइनीतला तांब्याचा बंब आमच्याकडे यायचा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात असा क्षार असायचा, की गोळी उडाल्यावर तो मिठासारखा नळीत आणि बोल्टच्या तोंडावर चिकटून बसे. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि दोन दिवसांत नारिंगी गंज. नव्या पोरांना वाटे, भरपूर तेल लावलं की झालं. उस्ताद विचारत, "लोणच्यावर चार बोटं तेल असतं. त्याखालचं मीठ जातं का?" जात नाही. म्हणून आधी उकळतं पाणी. टिनाच्या नरसाळ्याने ब्रीचमधून, म्हणजे मागच्या तोंडातून, नळीत ओतायचं, आणि बोल्टहेडचं तोंड पाण्यात बुचकळून काढायचं. पाणी इतकं कडक हवं की धातू तापून स्वतःच्या उष्णतेने सुकला पाहिजे. मग चार इंच बाय दोनची चिंदी, ती कोरडी बाहेर येईस्तोवर. तेलाची चिंदी त्यापेक्षा अरुंद, चार इंच बाय दीड. तेल लावणारी चिंदी अरुंद का, असं मी विचारलं होतं. तेल कमी लागावं म्हणून, हे उत्तर. मला ते सरकारी चिकटपणाचं वाटलं होतं.

तेल कमी का, हे समजायला मला एक हिवाळा लागला. पण त्याआधी परातीची गोष्ट.

१९८८चा मे. वार्षिक तपासणी तोंडावर आलेली, आणि उस्ताद पुतणीच्या लग्नाला गावी गेलेले. मी ठरवलं की ते येईपर्यंत एका रॅकच्या सगळ्या चोवीस रायफलींचे बोल्ट आरशासारखे करून ठेवायचे. शाबासकी मिळवायची होती. चोवीसही बोल्टांची डोकी हाताने फिरवून काढली आणि रॉकेलच्या परातीत एकत्र सोडली. नळ्यांवर नंबर होते, त्यामुळे काळजी नव्हती. चार तास बसून घासलं. डोकी अशी चकाकली की परातीत रुपये टाकल्यासारखं वाटलं. आणि मग परत बसवायला घेतली तेव्हा माझा हात थांबला. डोक्यावर नंबर नव्हता. चोवीस नळ्या, चोवीस डोकी, आणि कोण कुणाचं हे सांगणारी एक खूणही नाही.

मी बसवून टाकली. सगळी बसत होती. आट्या एकच, लांबी नजरेला सारखीच. कुणाला कळणार?

उस्तादांना पहिल्या मिनिटात कळलं. त्यांनी एक बोल्ट उचलला, डोळे मिटले, डोकं घट्ट फिरवलं आणि डोळे उघडले. डोकं घट्ट बसल्यावर त्याची कड बोल्टच्या लांब कण्याच्या रेषेत यायला हवी. ह्याची कड कण्याच्या पुढे निसटून गेली होती. दुसरा उचलला, तो बराच अलीकडे थांबत होता. तिसरा उचललाच नाही. परातीकडे बघून म्हणाले, "सगळी एकदम काढलीस?"

मी हो म्हणालो. ते पायरी उतरून गेले. विडी संपवून आले, खणातून लाकडी पेटी काढली. पेटीत काडतुसाच्या बुडासारख्या पोलादी चकत्या, दोन मापांच्या. ०.०६४ इंचाच्या चकतीवर बोल्ट बंद व्हायलाच हवा. ०.०७४ इंचाच्या चकतीवर बंद होता कामा नये. मधलं अंतर इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर. जाड पुठ्ठ्याएवढंही नाही. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, आणि ती कडा नळी आणि बोल्टच्या तोंडामध्ये जितकी घट्ट धरली जाईल तितकं बरं. जागा जास्त झाली की गोळी उडताना पितळ मागे ताणलं जातं आणि कधीतरी बुडाजवळ तुटतं. मागचा तुकडा एक्स्ट्रॅक्टर काढतो, पुढचा नळीतच राहतो, आणि पुढची गोळी आत जात नाही. आगही मागे येऊ शकते. उस्तादांनी मला एक तुटकी पुंगळी दाखवली, खिळ्याला टांगून ठेवलेली. तिच्या कडा कागद फाडल्यासारख्या होत्या.

दोन दिवस आम्ही दोघं बसलो. प्रत्येक नळीला प्रत्येक डोकं लावून बघायचं, कड रेषेत आली तर माप घ्यायचं, जमलं तर बाजूला ठेवायचं. बोल्टचे दाते आपापल्या खोबणीत दोन्हीकडे सारखे टेकतात का, हे बघायला उस्ताद कंदिलाच्या काचेवरची काजळी बोटाने दात्यावर लावत, बोल्ट बंद करून उघडत आणि काजळी कुठे पुसली गेली ते बघत. एका बाजूची पुसली आणि दुसरीची तशीच राहिली, म्हणजे सगळा धक्का एकाच दात्यावर. ह्या रायफलीचे दाते मागच्या बाजूला असतात, म्हणून ती झटपट चालते. पण त्यामुळेच बोल्टची सगळी लांबी त्या धक्क्यात दबते. हे मी नंतर कुठेतरी वाचलं. उस्तादांनी काजळीनेच सांगितलं होतं.

तेवीस जमल्या. चोविसावी कुठल्याच डोक्याला माप देईना. ०.०७४च्या चकतीवर तिचा बोल्ट लोण्यात सुरी शिरावी तसा बंद व्हायचा. कदाचित ती आधीपासूनच झिजलेली होती. कदाचित तिचं मूळ डोकं दुसऱ्या कुठल्या तरी नळीला चांगलं बसलं होतं आणि आता तिथून काढणं शक्य नव्हतं. मी उस्तादांना विचारलं, रजिस्टरला काय लिहायचं. ते म्हणाले, मी लिहितो. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती रायफल बाजूला काढलेली पाहिली, शेरा वाचला, मान हलवली आणि पुढे गेले. त्या शेऱ्यात काय होतं हे मी तेव्हा वाचलं नाही. धीर झाला नाही.

त्या दिवसापासून मी एका वेळी एकच बोल्ट उघडायचो. तो बंद करून कप्प्यात गेला की मगच दुसरा. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला हे सांगितलं, आणि प्रत्येकाला ते सरकारी चिकटपणाचं वाटलं असणार.

उस्ताद १९९३ला निवृत्त झाले. जाताना टी किल्ली आणि चकत्यांची पेटी माझ्या ताब्यात दिली, यादीवर सही घेऊन.

आता तेलाचा हिवाळा. १९९६चा डिसेंबर. घाटमाथ्यावरच्या एका गावात वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिक वारले. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार, सलामी पथकात दहा शिपाई, प्रत्येकी तीन ब्लँक, म्हणजे बिनगोळीची काडतुसं. मी काडतुसं मोजून द्यायला आणि पुंगळ्या मोजून परत घ्यायला बरोबर गेलो होतो. तीस न्यायची, तीस आणायची. अशा कामाला थ्री नॉट थ्रीच बरी. एसएलआर रायफलीत ब्लँक मारली तर खास जोड बसवल्याशिवाय पुढचं काडतूस आपोआप चढत नाही. हिचा बोल्ट हातानेच ओढायचा, त्यामुळे आत गोळी आहे की नुसता आवाज, ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही.

रायफली आदल्या संध्याकाळीच दिल्या होत्या, पथक रात्रभर गाडीत आणि शाळेच्या व्हरांड्यात. सकाळी श्वासाची वाफ दिसत होती. बिगुल वाजला, शोक शस्त्र झालं, मग नळ्या आकाशाकडे. हुकूम झाला आणि फैर झडली. गावकऱ्यांच्या कानावर एकच कडाका. माझ्या कानाने मोजले नऊ. दहावा आवाज होता, पण तो टक्, वाळलेली काडी मोडावी तसा.

पाचवा शिपाई. पोरगा शहाणा, त्याने तोंडावरची रेषही हलू दिली नाही. खरं तर काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं असतं, कारण ते उशिरानेही उडू शकतं. पण चितेसमोर, लोकांसमोर, दुसरा हुकूम येईपर्यंत थांबणार किती. दुसऱ्या हुकमावर त्याने बोल्ट ओढला, न उडालेलं काडतूस मातीत पडलं, नवं आत गेलं. पुन्हा टक्. तिसऱ्या फैरीला त्याची रायफल वाजली. चितेजवळच्या एका म्हाताऱ्या आजींनी तेव्हाच डोळ्याला पदर लावला. त्यांना काय कळणार होतं, आणि कळायला नकोच होतं. मी मात्र माती चाचपून दोन काडतुसं उचलली. टोपीवर स्ट्रायकरची खूण होती, पण नखाने दाबल्याएवढीच. उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर खळगा पडतो. इथे नुसता टिळा.

परत आल्यावर तो बोल्ट मी एकट्याने उघडला. किल्ली घालून स्ट्रायकर सोडवला आणि मेनस्प्रिंग बाहेर आली ती पांढरी. प्रत्येक वेढ्यामध्ये मेणासारखं काहीतरी दाटून बसलेलं. बोटावर घेतलं, ते ऊब लागताच वितळलं. वास घेतला. खोबरेल.

ती रायफल त्याआधी दोन महिने एका खजिन्याच्या गार्डवर होती. तिथल्या हवालदाराला बोलावलं. सरकारी तेलाची बाटली संपली होती, मागणी पाठवली होती, आली नव्हती. रायफल कोरडी दिसली तर साहेब बोलतील. घरी खोबरेल होतं. बोल्टचं डोकं काढून, आत धार सोडून, त्याने ती प्रेमाने न्हाऊ घातली होती. "सायेब, डोक्याला लावतो तेच लावलं," असं तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन महिने उन्हात उभं राहताना ते तेल पातळ होतं. घाटमाथ्यावरच्या एका रात्रीत ते गोठलं, आणि स्ट्रायकरला चिखलातून धावावं लागलं. दोनदा धावल्यावर चिखल फुटला, म्हणून तिसऱ्यांदा वाजली.

तेव्हा ती अरुंद चिंदी मला समजली. खोबरेलच कशाला, सरकारी तेलही तिथे जास्त झालं की धूळ धरून चिकटा होतो. बोल्टला तेल लागतं ते दात्यांच्या मागे, कॉकिंग पीसच्या घसरणीवर, एक्स्ट्रॅक्टरच्या खिळीवर, आणि तेही बोट फिरवल्यावर बोट चमकेल इतकंच. नळीच्या आत, स्ट्रायकरवर, स्प्रिंगवर जवळजवळ काहीच नको. आणि डोक्याच्या तोंडावर, काडतुसाच्या जागेत तर अजिबात नको. तिथे तेल राहिलं की पुंगळी भिंतीला धरत नाही, घसरते, आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. लोकांना वाटतं आरमोरर म्हणजे तेल लावणारा माणूस. माझ्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लावलेलं तेल पुसण्यात गेला.

राखीव पोलीस निरीक्षकांनी खुलासा मागितला. तीसपैकी अठ्ठावीस पुंगळ्या आणि दोन न उडालेली काडतुसं, हा हिशोब रजिस्टरला आलाच होता, तो लपवता येत नव्हता आणि लपवायचाही नव्हता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: अति थंडीमुळे वंगण घट्ट झाल्याने आघात अपुरा. एक शब्दही खोटा नव्हता. वंगण कोणतं, हे साहेबांनी विचारलं नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. एसएलआर वाढल्या, इन्सास आल्या. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तर थ्री नॉट थ्री हा चेष्टेचा विषय झाला. रायफलीची बाजू मी घेणार नाही. समोर एके-४७ असताना प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढणारा शिपाई उभा करणं चुकीचंच होतं, आणि ती चूक पोलादाची नव्हती. पण आमच्याकडे काही पोरं तिला 'लाठी' म्हणायला लागली आणि तशीच हाताळायला लागली, ते मला सहन व्हायचं नाही. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या बोटभर अंतरात स्प्रिंग दबते, तेव्हा जोर लावावा लागतो; ह्या रायफलीची कळ बंद करताना चढते, उघडताना नाही. नव्या पोरांना ते अडकल्यासारखं वाटे आणि ते तळहाताने ठोकत. त्यांना शिकवायला वर्षातून मोजक्या गोळ्या मिळायच्या. हात बसणार कसा?

मी २०१४ला निवृत्त झालो. २०१९ साली बिहारमध्ये एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यसंस्काराला सलामीच्या रायफली वाजल्याच नाहीत, ते टीव्हीवर बघितलं. घरात सगळे हसले. मी उठून अंगणात गेलो. पुढच्याच वर्षी २६ जानेवारीला उत्तर प्रदेश पोलिसांनी परेडमध्ये थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, तेही बघितलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

आमच्या रॅकमधल्या जुन्या रायफली जमा करायचा हुकूम माझ्या शेवटच्या वर्षात आला होता. रायफली एका पेटीत, बोल्ट दुसऱ्या पेटीत, नंबर लावून. चार दिवस मी आणि एक नवा पोरगा बसून नंबर जुळवत होतो. ज्या जुळत नव्हत्या त्यांच्यासाठी जुनी रजिस्टरं काढावी लागली. १९८८चं रजिस्टर वाळवीने कडेला खाल्लेलं. मे महिन्याच्या पानावर ती चोविसावी रायफल होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात उस्तादांचं तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर: बोल्टहेड वापराने झिजलेले, बदली मिळेपर्यंत गोळीबारास देऊ नये.

परातीचा उल्लेख नव्हता. माझाही नव्हता.

पोरगा म्हणाला, "साहेब, ह्याची नोंद कुणाच्या नावाने घेऊ?" मी रजिस्टर त्याच्याकडून घेतलं, त्या रायफलीचा बोल्ट चिंदीने पुन्हा एकदा आतून पुसला, पेटीत ठेवला आणि यादीवर सही केली.